अर्ध्यावर थांबलेला वस्तरा

फार वर्षांपूर्वी कापरी नदीवर पूल नव्हता, नुसता पायी ओलांडायचा उतार होता. उताराच्या अलीकडे खडकवेळ आणि पलीकडे धामणसर. एका गावचा कोंबडा आरवला की दुसऱ्या गावची माणसं उठायची, इतकी ती जवळ होती. इकडच्या लेकी तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आलेल्या.

ज्या दिवशी ती बातमी आली, तो दिवस अगदी साधा होता. भादव्यातला बुधवार. पाऊस दोन दिवस उघडला होता आणि खडकवेळच्या गढीत अंगणभर ओल्या गोधड्या वाळत घातल्या होत्या. ओसरीवर सटवाजी न्हावी हैबतराव देशमुखांची दाढी करत होता.

सटवाजीचा हात फार हलका. झोपलेल्या बाळाचं जावळ तो बाळ जागं न होता उतरवी, असं म्हणतात. देशमुखांच्या तीन पिढ्यांची डोकी त्याच्या घराण्याच्या हाताखालून गेली होती. जबड्याची शीर कधी ताठ होते, कानशील कधी तापतं, हे बोटांना कळे. पण बोटांना कळलेलं तोंडाने बोलायचं नाही, हे त्याला बापाने वस्तऱ्याबरोबरच शिकवलं होतं.

गालाला पाणी लावून झालं होतं, एक बाजू उतरली होती, तेवढ्यात त्यांचे धाकटे भाऊ शिदोजी आले. बावीस वर्षांचा पोर, अजून लग्न व्हायचं होतं. पुरात दोन गावांच्या शिवेवरचा दगड वाहून गेला होता. तो दोन्ही गावांनी मिळून परत बसवायचा, असं ठरलं होतं. पलीकडच्या काठावर धामणसरचे कान्होजी पाटील शिदोजींची वाट पाहत उभे होते.

शिदोजी म्हणाले, "दादा, पाणी अजून घोड्याच्या पोटाला लागतंय. उद्या गेलो तर नाही चालणार? नाहीतर तुमचा काळा द्या. तो पाण्याला बुजत नाही."

हैबतराव हसले. "काळा? तुला? लेका, तू शेळीवरून पडशील. ती नवी घोडी आहे बघ, ती ने. आणि पाण्याचं एवढं भय वाटत असेल, तर आईसाहेबांचं लुगडं नेस आणि बस माडीवर. मी पाटलाला निरोप धाडतो, आमच्या घरात एक बाई वाढली म्हणून."

ओसरीवर तिसरं माणूस सटवाजीच होतं. शिदोजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ते वळले आणि तबेल्याकडे गेले.

सटवाजीचा वस्तरा गालावर थांबला होता.

"चालव," हैबतराव म्हणाले.

सटवाजीने चालवला.

दुपारी बातमी आली. आली म्हणजे चौघांच्या खांद्यावरूनच आली. खालच्या डोहातून होडीने नदी ओलांडून धामणसरच्या चार माणसांनी शिदोजींना आणलं. अंगावर कान्होजी पाटलांची स्वतःची शाल होती. त्या चौघांनी सांगितलं, घोडी मधोमध उधळली, धाकट्या रावांचं डोकं खडकावर आपटलं, आम्ही दोर टाकले, पाटील स्वतः पाण्यात उतरले, पण हाताला लागले ते असे. घोडी मात्र वर निघून पळाली.

ती त्याआधीच गढीच्या दाराशी येऊन उभी होती. खोगीर ओलं होतं, पाठीवर कोणी नव्हतं.

गेलेल्या माणसाला न्हाऊ घालायचं कामही तिथे न्हाव्याकडे. सटवाजीने शिदोजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी सोडलं. कानाच्या वर जखम होती. तिच्यात नदीची वाळू होती आणि केसांत शेवाळ अडकलेलं होतं. शस्त्राचा वार कसा असतो ते सटवाजीने पाहिलं होतं. हा वार नव्हता. हैबतराव शेजारीच उभे होते. त्यांनीही पाहिलं.

तेवढ्यात आईसाहेब अंगणात आल्या. त्या रडत नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी केलं हे?"

आई असंच विचारते. तापाने गेला असता तरी असंच विचारलं असतं.

हैबतरावांची नजर आधी सटवाजीकडे गेली. मग ती त्या शालीवर गेली आणि तिथे थांबली.

"धामणसरने," ते म्हणाले.

शब्द एकच होता. तो त्यांनी ठरवून उच्चारला नव्हता, असं म्हणतात. पण एकदा आईच्या कानात गेलेला शब्द परत कसा काढायचा? ते चौघे अजून अंगणातच उभे होते. त्यांनी ऐकलं. एकमेकांकडे पाहिलं आणि पाठ न दाखवता, मागे मागे सरत दाराबाहेर गेले. शाल तिथेच राहिली.

चितेला अग्नी हैबतरावांनी दिला. संध्याकाळी नदीच्या उतारावर चौकी बसली. इकडचं माणूस तिकडे जायचं नाही, तिकडचं इकडे यायचं नाही.

आता तिथली रीत अशी होती, की ज्याने अग्नी दिला त्याने दहाव्या दिवशी घाटावर डोकं करायचं, म्हणजे केस उतरवायचे. तोवर सुतक. सुतकात शस्त्राला हात लावायचा नाही. आणि सुतकातल्या माणसामागे कोणी शीव ओलांडायची नाही, मग तो देशमुख का असेना. म्हणून ठरलं, की दहाव्या दिवशी सकाळी हैबतरावांनी डोकं करायचं, नदीत बुडी मारायची, तलवार उचलायची आणि ओल्या अंगाने उतार ओलांडायचा. मावळेपर्यंत धामणसरचं एक छप्पर उभं ठेवायचं नाही.

त्या धामणसरात सटवाजीची एकुलती एक लेक नांदत होती. येसू. तिला आठवा महिना होता.

सटवाजीची बायको बजाई पहिल्याच रात्री म्हणाली, "अवं, तुमी हुता ना तितं सकाळी? घोडी कुणी दिली, ठावं हाय ना तुमास्नी?"

"हाय."

"मग बोला की."

"कुणाला बोलू? आईसाहेबांची काय गत झालीय बघितलीस? लेकराची राख अजून गरम हाय. तिला जाऊन सांगू, की तुझ्या थोरल्यानंच धाकट्याला पाण्यात घातला? धन्याचा राग चार दिसात निवंल. माणूस हाय त्यो. दुखात बोलला."

"आन् न्हाई निवला तर?"

तोंड उघडलं तर जीभ जाईल आणि नाही उघडलं तर लेक जाईल, हे दोघांनाही कळत होतं. पण जीभ आजच जाईल आणि लेकीला अजून दहा दिवस आहेत, असा त्याने मनाशी हिशेब मांडला. चांगल्या माणसांची चूक अशीच असते. त्याला वाटलं, उद्या.

राग निवला नाही. तो बोलून बोलून वाढत गेला. दुसऱ्या दिवशी हैबतराव म्हणाले, धामणसरच्या लोकांनी दगड मारला असावा. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, तिघांनी मिळून काठ्या घातल्या. सहाव्या दिवशी आठ माणसं झाली होती, भाले होते, आणि त्यातल्या एकाच्या डोक्याला लाल मुंडासं होतं. सांगता सांगता त्यांना ते दिसूही लागलं. ते खोटं बोलत होते असंही म्हणता येत नव्हतं. झोप नव्हती, डोळे खोल गेले होते आणि तो लाल मुंडाशाचा माणूस त्यांच्यासमोर खरोखरच उभा राहत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी घोडी विकायला काढली. घेणारा कोण, किंमत काय, काही विचारलं नाही. "माझ्यासमोर नको," एवढंच म्हणाले.

आजूबाजूच्या गावांतून माणसं गोळा होऊ लागली. आपापले ढोल घेऊन आली आणि तिसऱ्या दिवसापासून ते वाजू लागले. चारशे माणूस जमला, असं म्हणतात. लढाईला निघायचं तर दाढी हवी, म्हणून गढीबाहेरच्या लिंबाखाली सटवाजीपुढे रांग लागली. सटवाजी हात चालवत राही आणि ऐकत राही.

"पाटलाची ती खिलारी जोडी माजी बरं का. आदीच सांगून ठेवतो."

"तुज्या दावणीला चारा हाय का? बैल उपाशी मारशील, आन् बायकू बी."

"मला काय नगं. येकदा त्या गावात तलवार घिऊन फिरायचंय. लगीन ठरवाया गेलो तवा लई हसलं हुतं मला."

मग सगळे हसले. शिदोजींचं नाव त्या रांगेत सकाळपासून दुपारपर्यंत कोणी काढलं नाही. भिण्यासारखं जे होतं ते सटवाजीला त्या हसण्यातच दिसलं. एक माणूस आपल्या मनातला काटा झाकायला लढाई मागतो आणि चारशे माणसं आपापला काटा घेऊन त्याच्यामागे उभी राहतात. कुणालाच विचारायचं नसतं, की पहिला काटा कुठला.

सातव्या दिवशी हैबतरावांनी त्याला माडीवर बोलावलं. दार लावून घेतलं.

"सटवा, त्या दिवशी सकाळचं तुला काही आठवतं?"

"धनी, मी दाढी करत हुतो."

"मग दाढीच आठव."

"जी."

सटवाजी जिना उतरू लागला. अर्ध्यावर आला तेव्हा वरून पुन्हा हाक आली. तो वर गेला. हैबतराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"तो माझ्याकडे बघत होता का रे, जाताना?"

सटवाजीने नजर खाली घातली.

"जा," हैबतराव म्हणाले.

दहावा दिवस उजाडला. नदी उतरली होती, खडक वर आले होते. घाटावर हैबतराव पाटावर बसले. पाठीमागे चारशे माणूस. पुढ्यात तबकात तलवार, तिच्यावर फूल नव्हतं, कुंकू नव्हतं. ते डोकं झाल्यावर. पलीकडे धामणसरची घरं उन्हात दिसत होती. एकाही घरातून धूर निघत नव्हता. चुलीसुद्धा विझवून बसलेत भ्याड, असं कोणीतरी म्हणालं. सटवाजीने त्या धुराकडे, म्हणजे नसलेल्या धुराकडे, पुन्हा पुन्हा पाहिलं.

त्याने हत्यारांची धोकटी उघडली. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढला. केस भिजवले आणि उजव्या बाजूने सुरुवात केली. काठावर इतकी शांतता होती, की केस पाटावर पडलेले ऐकू येत. उजवी बाजू उतरली. वस्तरा टाळूच्या मधोमध आला. आणि तिथे थांबला.

"चालव," हैबतराव म्हणाले.

वस्तरा चालेना.

"सटवा, चालव."

सटवाजी वाकला आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, "धनी, त्या दिशी असंच म्हनालात. म्या चालवला. आज हात ऐकत न्हाई."

"वस्तरा तुझ्या हातात आहे आणि मान माझी तुझ्यापुढे आहे," हैबतराव तितक्याच हळू म्हणाले. "लेकीसाठी एवढा जीव तुटतोय तर तेच कर की. मला सोडव."

"त्ये माजं काम न्हाई. माजं काम केसांचं हाय."

शेजारच्या भोसरवाडीचा मालू न्हावी जमलेल्या माणसांत होता. त्याला पुढे बोलावलं. त्याने आपला वस्तरा काढला, पाणी लावलं आणि डाव्या बाजूवर टेकवला. पहिल्याच केसाला वस्तऱ्याची धार वळली, असं म्हणतात. दुसरा वस्तरा आणला. त्याचीही वळली. तिसऱ्याचं तर पातंच मुठीतून निघून आलं. डाव्या बाजूचे केस खडकासारखे झाले होते. काही जण म्हणतात तसं काही नव्हतं, मालूचा हात भीतीने कापत होता. ऐकणाऱ्याने आपापलं ठरवावं. पण देशमुख अर्धं डोकं केलेले, चारशे माणसांसमोर, उन्हात बसून राहिले हे दोन्हीकडचे सांगतात.

ऊन चढलं. ढोल थांबले. मागे कुजबुज सुरू झाली. अर्ध्या सुतकातला नायक ना इकडचा ना तिकडचा. कोणी म्हणालं, हा शकुन बरा नव्हे. खिलारी जोडी मागणारा सगळ्यात आधी सावलीत जाऊन बसला.

तेव्हा माणसं बाजूला सरली. आईसाहेब घाटावर आल्या होत्या. बायकांनी त्या घाटावर येऊ नये अशी रीत होती. त्या तरीही आल्या. लेकाचं अर्धं डोकं त्यांनी पाहिलं. त्यांनी लेकाला काही विचारलं नाही.

"सटवा, का थांबलास?"

सटवाजीने वस्तरा खाली ठेवला आणि हात जोडले. "आईसाहेब, त्ये म्या सांगायचं न्हवं."

कापरीचं पाणी त्या वेळी वाहायचं थांबलं होतं, असं म्हणतात. मग हैबतराव बोलू लागले. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या माणसापर्यंत गेला.

"घोडी मी दिली. तो नको म्हणत होता. काळा मागत होता, मी दिला नाही. त्याला बाई म्हणालो." आणि मग ते म्हणाले, "धामणसरने काही केलं नाही. त्यांनी त्याला बाहेर काढला."

सगळ्यांना वाटलं, आता आईसाहेब कोसळतील. त्या कोसळल्या नाहीत. त्या लेकाच्या शेजारी ओल्या दगडावर बसल्या.

"घोडी एकटी परत आली, तेव्हाच मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ती पाण्याला बुजते, हे मला ठाऊक नव्हतं होय? पण विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं. एक गेला होता. मला दुसराही घालवायचा नव्हता. म्हणून मीही म्हटलं, धामणसरच असू दे."

आणि त्यांनी लेकाच्या डोक्यावर हात ठेवला, केलेल्या बाजूवर.

चारशे माणूस कसा पांगला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. तबकातली तलवार तिथेच राहिली. हैबतराव उठले. सटवाजी म्हणाला, "धनी, आता बसा, उरलेलं करतो. हात आता चालंल."

"राहू दे," ते म्हणाले. "तिकडच्यांनी असंच बघू दे."

त्यांनी गढीतून ती शाल मागवली, घडी करून दोन्ही हातांवर घेतली आणि अर्ध्या डोक्याने, बोडक्याने उतारात पाय टाकला. सटवाजी त्यांच्यापुढे चालत होता. जवळजवळ धावतच होता. त्या दोघांसाठी कापरी घोट्याएवढी झाली होती, असं म्हणतात.

धामणसर रिकामं होतं. दारं उघडी, चुली थंड. चावडीवर कान्होजी पाटील एकटे बसले होते, मांडीवर तलवार आडवी ठेवून. त्यांनी देशमुखांचं डोकं पाहिलं, हातातली शाल पाहिली आणि तलवार बाजूला ठेवली. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"माणसं डोंगरात आहेत," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी तुमचे ढोल वाजायला लागले, त्याच रात्री घेऊन गेलो. मी राखणीला परत आलो." मग ते सटवाजीकडे वळले. "सटवाजी, तू बस."

सटवाजी बसला नाही.

"बस रे बाबा."

तेव्हा सटवाजीला कळलं. तो बसला.

"चढण फार होती," पाटील म्हणाले. "पाचव्या दिवशी येसूला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. सुईण होती, सगळं केलं. मुलगी झाली, ती वाचली आहे. शेळीच्या दुधावर आहे, पण रडते चांगली खणखणीत."

"पाचव्या दिवशी?" सटवाजीने विचारलं.

"पाचव्या."

सटवाजी बोटांवर मोजू लागला. एकापासून दहापर्यंत मोजलं, मग पुन्हा पाचावर आला आणि तिथेच थांबला. त्याच्याकडे बघवेना म्हणून दोघेही दुसरीकडे बघत राहिले.

पुढे शिवेचा दगड दोन्ही गावांनी मिळून बसवला. तो अजून तिथेच आहे. हैबतराव पुढे पुष्कळ वर्षं जगले. त्यांनी पुन्हा कधी तलवार उचलली नाही. सटवाजीची नात खडकवेळला वाढली आणि तिचं जावळ आजोबांनी काढलं. ती झोपेतून जागी झाली नाही.

लोक सांगतात, सटवाजीने चारशे माणसांचं सैन्य एका वस्तऱ्याने परतवलं. त्याचा वस्तरा घाटावरच्या देवळीत ठेवलेला आहे आणि त्याला गंज चढत नाही, असं म्हणतात. आजही खडकवेळला आणि धामणसरला, कोणाच्याही घरी दुःख झालं की दहाव्या दिवशी न्हावी आधी उजवी बाजू करतो आणि टाळूच्या मधोमध थांबतो. वस्तरा खाली ठेवतो आणि समोरच्याला विचारतो, "काही सांगायचं राहिलंय का?" कोणी मान हलवतो. कोणी नुसता रडतो. कोणी सांगतो, त्याच्या वाटणीचं दूध मी लहानपणी पीत होतो. कोणी असं काही सांगतो, की न्हावी वस्तरा लगेच उचलत नाही. ऐकलेलं न्हावी बाहेर बोलत नाही. मग तो डावी बाजू करतो. याला तिथे सटवाजीचा अर्धा म्हणतात आणि त्याशिवाय कोणाचं सुतक फिटत नाही.

लग्न झालेल्या लेकीसाठी बापाने डोकं करायची रीत नाही. सटवाजीने केलं. न्हाव्याला स्वतःचं डोकं करता येत नाही, म्हणून मालूने केलं, त्याच घाटावर. मालूचा हात त्या दिवशी चांगला चालला. त्याने दोन्ही बाजू एका दमात उतरवल्या, पाणी ओतलं आणि धोकटी बांधली. तो मध्ये कुठेही थांबला नाही. सटवाजीला कोणी काही विचारलं नाही.